कोयोटसाठी केबलची फासकी: रँचवर शेळ्या पाळणाऱ्या नवख्यांसाठी

टेक्सासात वीस-पंचवीस एकर घेऊन त्यावर शेळ्या सोडणारे मराठी लोक आता बरेच झालेत. कुणी हौसेने, तर बहुतेक जण 'वन-डी-वन' आकारणीसाठी, म्हणजे जमीन शेतीच्या वापरात दाखवून मालमत्ता कर कमी व्हावा म्हणून. पहिलं वर्ष निभावून जातं. शेळ्या व्यायला लागल्या की मात्र सकाळी मोजताना एखादं करडू कमी भरतं, दोन दिवसांनी आणखी एक. मग कुंपणापलीकडचा जुना रँचर गाडीतून उतरताही न उतरता सांगून जातो, "दोन-चार स्नेअर लाव की." त्याच्या घरात हे तीन पिढ्यांपासून चालत आलंय, त्यामुळे त्याला एवढं वाक्य पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या. स्नेअर म्हणजे केबलची फासकी, आणि ती 'कोयोट कमी करण्याची' वस्तू नाही. (कोयोट म्हणजे करडं नेणारा, लांडग्याहून लहान असा अमेरिकेतला रानकुत्रा.) एका ठरावीक वाटेने येऊन तुमची करडं नेणाऱ्या ठरावीक जनावराला धरण्यासाठी ती असते. तारेला डोळे नसतात. समोरून कोयोट येतोय, शेजाऱ्याचा कुत्रा येतोय की तुमचीच शेळी, हे तिला कळत नाही. ते आधी कळून घेणं हेच नव्वद टक्के काम आहे आणि म्हणून या लेखातही तार उशिरा येते.

कायदा

हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. गावाकडे जमीन असेल तर तिथे यातलं काहीही करायचं नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फास लावणं ही शिकारच धरली आहे. कोकणात रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. क्लच वायरची ती फासकी ना सुटते, ना सैल होते, आणि लावणारा दुसऱ्या दिवशी बघायला येईलच असंही नसतं. इथल्या नियमांचा सगळा भर नेमका या तीन गोष्टींवर आहे.

अमेरिकेतही राज्य बदललं की नियम बदलतात. टेक्सासात कोयोट संरक्षित नाही. त्याने पाळीव जनावरांवर हल्ला केला असेल, करत असेल किंवा करण्याच्या बेतात असेल, तर शिकारीच्या परवान्याशिवायही त्याला मारता येतं. न्यूयॉर्कमध्ये फासकीला मुळातच परवानगी नाही. कोलोरॅडोने १९९६ मध्ये मतदानाने राज्यघटनेतच बंदी घातली आणि पशुपालकांना नुकसानीपुरती मर्यादित सवलत ठेवली. न्यू मेक्सिकोत १ एप्रिल २०२२ पासून सार्वजनिक जमिनीवर सापळे आणि फासक्या बंद आहेत. एका घरची कुत्री अशाच फासकीत मेली आणि तिच्या नावानेच तो कायदा ओळखला जातो. पेनसिल्व्हेनियात केबलच्या फासकीसाठी वेगळं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. विस्कॉन्सिनमध्ये केबल ७ फुटांपेक्षा लांब आणि फास १२ इंचांपेक्षा मोठा चालत नाही.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची या वर्षीची पुस्तिका उतरवून घ्या आणि त्यातलं सापळ्यांचं प्रकरण शब्दन्‌शब्द वाचा. लॉक कुठलं चालतं, नावाची पट्टी लागते का, किती तासांनी तपासायचं, रस्त्यापासून किती अंतर, हे सगळं त्यात असतं. शंका आली तर गेम वॉर्डनला, म्हणजे वन्यजीव खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याला, फोन करा. नियम विचारणाऱ्यावर ते खूश असतात. टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, कॅमेरॉन आणि विलासी काउंटीच्या बाजूला जमीन असेल, तर फासकीचा विचारच सोडा. तिथे ऑसेलॉट हे दुर्मीळ रानमांजर तग धरून आहे आणि ते संघीय कायद्याने संरक्षित आहे.

करडू कुणी मारलं?

नवखा माणूस मेलेलं करडू दिसलं की कोयोटला शिव्या देतो. खाल्लं कोयोटने असेल, पण मारलं त्यानेच असं नाही. रात्री थंडीने मेलेलं, मृत जन्मलेलं करडू तो आयतं उचलतो. म्हणून कलेवर ताजं असतानाच हातमोजे घाला, धारदार सुरी घ्या आणि गळ्याची कातडी सोलून बघा. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातडीच्या आत रक्त साकळलेलं, जांभळट-काळं दिसतं. मेल्यावर दात लागले असतील तर भोकं असतात, पण आजूबाजूचं मांस स्वच्छ असतं. हे एवढं बघितल्याशिवाय पुढची कुठलीच पायरी नाही.

कोयोटची पद्धत बहुतेक वेळा ठरलेली असते. जबड्याच्या मागे, कानाच्या खाली गळा धरायचा आणि श्वास कोंडेपर्यंत सोडायचा नाही. सुळ्यांच्या दोन भोकांमध्ये साधारण सव्वा इंच अंतर भरतं. खायला सुरुवात बरगड्यांच्या मागून, कुशीतून. करडू लहान असेल तर मागे काहीच उरत नाही, फार तर एखादं खूर आणि ओढत नेल्याची रेघ.

मोकाट कुत्र्यांचं काम वेगळं दिसतं. मागच्या मांड्या फाडलेल्या, कान चावलेले, चार-पाच जनावरं जखमी आणि खाल्लेलं फारसं काही नाही. शेळी एकच, मानेवर वरून चावा आणि कलेवर पालापाचोळ्याने झाकलेलं असेल तर तो प्यूमा आहे आणि तो तुमच्या कुवतीबाहेरचा विषय आहे. डोळे, बेंबी, गुदद्वार टोचलेलं नवजात करडू दिसलं तर आकाशात बघा. काळी गिधाडं व्यायच्या वेळी शेळीभोवती बसूनच असतात आणि १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे त्यांना परवान्याशिवाय हात लावता येत नाही.

कुत्र्यांचा मामला निघाला तर फासकी विसरा आणि शेजाऱ्यांशी बोला. तुमच्या शेळ्या खाणारा कुत्रा बहुधा कुणाच्या तरी घरात रात्री सोफ्यावर झोपणारा असतो.

कोयोटच असेल तर महिना कुठला आहे हे बघा. जानेवारी ते मार्च त्यांचा माजाचा काळ, पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात. पिल्लांना भरवणारी जोडीच सर्वांत जास्त करडं आणि कोकरं मारते. म्हणजे नुकसान करणारे बहुधा दोघेच असतात आणि त्यांची हद्द ठरलेली असते. उलट, जी जोडी तुमच्या जमिनीवर राहून उंदीर, ससे आणि मेस्किटच्या शेंगा खाते आणि शेळ्यांना विचारत नाही, तिला चुकूनही हलवू नका. ती इतरांना हद्दीत येऊ देत नाही. तिला काढलंत की रिकाम्या जागेत नवे येतात, त्यांना शेळीची चव आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं. शिवाय कोयोट विरळ झाले की उरलेल्या माद्यांची जास्त पिल्लं जगतात. शंभर वर्षं विष, बंदूक आणि सापळे चालवूनही अमेरिकेत कोयोट संपले तर नाहीतच, हवाई सोडून सगळ्या राज्यांत पसरले, याचं एक कारण हे आहे. नुकसान नाही तर फासकी नाही, हा नियम मी तरी कुठल्याही परिस्थितीत मोडणार नाही.

तारेआधीची चार कामं

इथे थोडक्यात सांगतो, कारण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. व्यायला आलेल्या शेळ्या रात्री घराजवळच्या वाड्यात घ्या. वार आणि मेलेली करडं त्याच दिवशी पुरा, तोच वास त्यांना बोलावतो. जाळीच्या कुंपणाला बाहेरून, जमिनीपासून सहा-आठ इंचांवर एक विजेची तार द्या. कोयोट उडी मारण्यापेक्षा खालून घुसणं पसंत करतो आणि नाकावर एकदा झटका बसला की बराच काळ लक्षात ठेवतो. आणि राखणीचा कुत्रा पाळा. ग्रेट पिरेनीज किंवा अ‍ॅनाटोलियन, पिल्लू असल्यापासून शेळ्यांतच वाढलेला. सॅन अँजेलोला टेक्सास ए अँड एम अ‍ॅग्रीलाइफचं राखणदार कुत्र्यांवर काम चालतं, त्यांचं साहित्य फुकट मिळतं आणि चांगलं आहे.

यातली निदान दोन कामं केल्यावरही करडं जात असतील तर पुढे वाचा. आणि पुढे वाचूनही स्वतः करायचं नसेल तर संघीय कृषी खात्याची 'वाइल्डलाइफ सर्व्हिसेस' आहे. अनेक काउंट्यांत त्यांचा ट्रॅपर, म्हणजे सापळे लावणारा माणूस, असतो. मदत मागण्यात कमीपणा काही नाही.

सामान

नवख्याने तार स्वतः वळायच्या भानगडीत पडू नये. ट्रॅपिंगचं सामान विकणाऱ्यांकडून तयार फासक्या घ्या आणि मागताना 'केबल रिस्ट्रेंट' म्हणा. फरक महत्त्वाचा आहे. साधी फासकी मारण्यासाठी बनवतात, रिस्ट्रेंट जिवंत धरून ठेवण्यासाठी. जिवंत धरणारीच घ्यायची, कारण नको ते जनावर सापडलं तर सोडता आलं पाहिजे.

केबल गॅल्व्हनाइज्ड स्टीलची, ३/३२ इंच जाडीची, ७×७ किंवा ७×१९ विणीची. ७×७ म्हणजे सात पदर आणि प्रत्येक पदरात सात तारा. ही केबल हजार पौंडांच्या आसपास ताण घेते आणि टेक्सासातला कोयोट २५ ते ४० पौंडांचा असतो. मग एवढी मजबूत कशाला? जनावर ओढतं त्यापेक्षा चावतं आणि पीळ देतं जास्त. बारीक तार कातडीत रुतते आणि तुटतेही. लांबी सात फूट पुरे.

केबलवर चार भाग बघून घ्या. पहिला, लॉक. ओढ बसली की फास आवळायचा आणि ओढ थांबली की किंचित सैल व्हायचा, असं सैल होणारं लॉक हवं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. फास झाडूच्या दांड्यावर घाला, जोरात ओढा आणि हात सोडा. दांड्याभोवती तार ढिली पडली तर ठीक, तशीच आवळून राहिली तर परत करा. यात स्प्रिंग बसवलेली लॉकंही येतात, ती नकोत. दुसरा, स्टॉप. हा केबलवर चेपलेला छोटा मणी असतो. त्याच्यामुळे फास अडीच इंचांपेक्षा लहान होत नाही, म्हणजे हरणाचा पाय त्यातून निसटतो. तिसरा, ब्रेकअवे. लॉकला जोडलेला हा आकडा ठरावीक ताणाला, बहुधा २८५ किंवा ३५० पौंडांना, उघडतो. कोयोटला तो उघडत नाही, वासरू किंवा मोठं हरीण जोर लावून निघून जातं. चौथा, स्विव्हल. गुरांच्या साखळीत असते तशी ही फिरती कडी. ती नसेल तर जनावर गोल फिरतं, केबलला पीळ बसतो आणि सैल होणारं लॉकही जाम होतं. एक स्विव्हल मेखेपाशी आणि जमलं तर एक मध्ये.

याशिवाय पाऊण इंची सळईच्या अडीच फुटी मेखा, घण, फास उभा धरायला ९ किंवा ११ गेजची तार, रबरी हातमोजे आणि एक चांगला केबल कटर. कटर सर्वांत आधी विकत घ्या. साध्या पकडीने ही केबल तुटत नाही. तारा विस्कटतात, पकड घसरते आणि समोर धडपडणारा कुत्रा असतो. जो कटर खिशात ठेवणार नाही, त्याने फासकी लावू नये.

नवी केबल चकचकीत आणि तेलकट असते. जुन्या पातेल्यात पाणी आणि खायचा सोडा टाकून तासभर उकळा. तेल निघतं आणि चांदीसारखी चमक जाऊन करडा, मळकट रंग येतो. पातेलं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. धुऊन बाहेर झाडाला टांगा आणि नंतर मोज्यांशिवाय हात लावू नका. लोखंडी सापळ्याइतका वासाचा बाऊ इथे करावा लागत नाही, कारण जनावर तारेचा वास घेत थांबत नाही, चालत्या वाटेवर त्यात शिरतं. तरी गाडीच्या डिकीत डिझेलच्या कॅनशेजारी फासक्या फेकू नका.

जागा

आता खरं काम. एक आठवडा फक्त चाला. हातात काठी, फोनमध्ये नकाशा, फासकी एकही नाही.

आधी कुंपणाची पूर्ण फेरी मारा आणि जिथे जिथे जाळीखालून माती घासली गेलीय ती जागा नकाशावर टिपा. ओढा कुंपणाखालून जातो तिथे हमखास भोक असतं. प्रत्येक भोकाशी गुडघ्यावर बसून खालच्या तारेला अडकलेले केस बघा. मला या कामात सर्वांत जास्त गंमत इथेच येते. कोयोटचा केस लांब, मऊ, पट्ट्यापट्ट्यांचा असतो. बुडाशी फिका, मग काळा, मग पिवळसर आणि टोकाला पुन्हा काळा. रानडुकराचा केस राठ आणि टोकाला फाटलेला. हरणाचा केस पोकळ आणि ठिसूळ, दोन बोटांत वाकवला की मोडतो. आर्माडिलोचं, म्हणजे त्या कवचवाल्या छोट्या प्राण्याचं, भोक रुंदीला लहान आणि केस जवळपास नसतातच. भोकाच्या कडेला चिखलाचे थर आणि माती वर उकरलेली असेल तर ते डुकरांचं आहे, तिथे फासकी लावली तर सकाळी तार आणि मेख दोन्ही गायब.

मग पाऊलखुणा. भोकाच्या दोन्ही बाजूंना दोन फूट माती खरवडून सपाट करा, वाटल्यास चाळलेली माती पसरा आणि दुसऱ्या दिवशी या. कोयोटचं पाऊल अंड्याच्या आकाराचं, अडीच इंच लांब, दोन इंच रुंद. पुढच्या दोन बोटांची नखं एकमेकांशी समांतर सरळ पुढे. कुत्र्याचं पाऊल जास्त गोल, बोटं फाकलेली, नखांचे ठसे जाड. कोयोट चालतोही सरळ रेषेत, कामाला निघाल्यासारखा. कुत्रा इकडेतिकडे भरकटत जातो. विष्ठाही सांगते: दोरीसारखी पिळलेली, टोकाला निमुळती, आत केस, हाडांचे तुकडे आणि हंगामाप्रमाणे फड्या निवडुंगाच्या किंवा रानटेंभुर्णीच्या बिया. काडीने उलगडा, हाताने नाही. कोयोटच्या विष्ठेतून माणसाला लागणारे परोपजीवी येऊ शकतात. शेळीचे केस असतील तर तुमचा संशय पक्का होतो, पण मेलेली शेळी खाल्ली तरी केस येतातच, हे विसरू नका. शक्य असेल तर त्या भोकावर ट्रेल कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बांधा. शंभर डॉलरच्या आतला चालतो आणि शेजारणीचं मांजर रात्री दोनला तिथून जातं हे कळतं.

भोक सापडलं की फासकी नेमकी भोकातच लावायचा मोह होतो. जुने रँचर तसंच करतात, केबल थेट कुंपणाच्या तारेला बांधतात. नवख्याने तसं करू नये. सापडलेला कोयोट कुंपणावर चढतो, पलीकडे उडी टाकतो आणि केबलची लांबी कमी पडली की पाय अधांतरी ठेवून लटकतो. मग सैल होणारं लॉक काही कामाचं नाही. जाळीत केबल गुंतली तरी तेच. म्हणून भोकाकडे येणारी पायवाट मागे मागे शोधत जा. कुंपणापासून किमान वीस पावलं दूर, जिथे ती वाट उंच गवतातून किंवा दोन झुडपांमधून अरुंद होऊन जाते, ती तुमची जागा.

जागा निवडली की मेखेभोवती केबलच्या लांबीइतकं वर्तुळ मनात आखा, त्यात जनावराच्या अंगाची लांबी मिळवा. त्या वर्तुळात कुंपण, खोड, अंगठ्यापेक्षा जाड फांदी, मोठा दगड, उतारावरची कड, पाणी, काहीही नको. जनावराला केबल गुंडाळता येईल असं काही असेल तर ते तोडा किंवा जागा बदला. हिल कंट्रीच्या, म्हणजे मध्य टेक्सासातल्या डोंगराळ भागाच्या, चुनखडीत मेख आत जातच नाही अशा जागा खूप आहेत. मेख अर्ध्यावर अडली तर 'चालेल' म्हणू नका. दुसरीकडे जा.

आणखी चार ठिकाणी कधीच नाही. शेळ्या चरतात त्या कप्प्यात नाही: शेळी मान खाली घालून प्रत्येक भोकात डोकावते आणि फासकीत कोयोटपेक्षा लवकर मरते. फासक्या शेळ्यांच्या कुंपणाबाहेर किंवा रिकाम्या कप्प्यात. तुमच्या राखणदार कुत्र्याच्या फिरण्यात नाही. त्याला त्या दिवसांत बांधून ठेवा किंवा वाड्यातच ठेवा, पण तो बाहेर आणि फासकीही बाहेर असं नको. उघड्या कलेवराजवळ नाही: तिथे गरुड उतरतात आणि सोनेरी व पांढऱ्या डोक्याच्या गरुडांना संघीय कायद्याचं कडक संरक्षण आहे. आणि हरणांच्या खुरांनी कातरलेल्या रुंद, खोल वाटेवर नाही.

हंगाम थंडीचाच धरा, तुमच्या शेळ्या व्यायच्या आधीचे दोन-तीन महिने. मे-जूनमध्ये हरणांची पाडसं असतात आणि टेक्सासच्या उन्हात अडकलेलं कुठलंही जनावर दुपारपर्यंत तडफडून मरतं. उन्हाळ्यात लावायची नाही, एवढं पक्कं.

लावणं

शेजाऱ्यांना आधी सांगा. तोंडी आणि मेसेजवरही: कुठल्या तारखेपासून कुठल्या बाजूला, त्यांचा कुत्रा आला तर काय करायचं, तुमचा नंबर कुठला. फाटकावर पाटी लावा.

दुपारी लावायला जा, म्हणजे उजेडात सगळं नीट दिसतं. मेख वाटेच्या कडेला ठोका, डोकं जमिनीच्या पातळीखाली जाईपर्यंत. भुसभुशीत वाळू असेल तर दोन मेखा एकमेकींना छेद देतील अशा तिरप्या ठोका. केबल जोडून पायाने जोर लावून ओढून बघा.

आता ९ गेजची तार जमिनीत घट्ट रोवून तिच्या टोकाला फास उभा करा. फासाचा व्यास १० ते १२ इंच, खालची कड जमिनीपासून १० ते १२ इंच, राज्याच्या नियमात याहून कमी सांगितलं असेल तर तेवढं. आकार गोल, नाशपातीसारखा लोंबलेला नाही. लॉक फासाच्या माथ्याशी. उंची काठीने नुसती अंदाजाने मोजू नका, टेप वापरा: चार इंच खाली आलं तर कोयोट वरून जातो किंवा छातीने धडकतो आणि कमरेत सापडतो, वर गेलं तर हरणाचं मुस्कट सापडतं. फास वाटेच्या बरोबर मध्ये, जाणाऱ्याच्या तोंडासमोर.

दोन्ही बाजूंना गवताच्या काही काड्या रोवा म्हणजे वाट तेवढीच उरते. जास्त करू नका, भिंत उभी राहिली की कोयोट वळसा घेतो. हरणं येत असतील तर फासाच्या माथ्याच्या लगेच वर एक वाळकी, हलकी फांदी आडवी ठेवा. हरीण तिच्यावरून उडी मारतं, कोयोट खालून जातो. फांदी अशी की ओढ बसली तर मोडून पडेल.

चार पावलं मागे जा, जमिनीवर कोपर टेकून कोयोटच्या उंचीवरून बघा. फास दिसतोय का? वाऱ्याने हलतोय का? मग फोनमध्ये जागेचा बिंदू टाका, फोटो काढा, फासकीला क्रमांक द्या. सुरुवातीला दोन, फार तर तीन फासक्या. रोज नीट बघता येतील तेवढ्याच.

रोजची फेरी

दररोज सकाळी उजाडताच. राज्याचा नियम याहून ढिला असला तरी दररोज सकाळीच. ज्या दिवशी जाता येणार नाही, म्हणजे ऑफिसची लवकरची मीटिंग, मुलांची शाळा, ऑस्टिनला मुक्काम, त्याच्या आदल्या संध्याकाळी फास बंद करा. तार काढायची गरज नाही, लॉक सरकवून फास मिटवला की पुरे. वीकेंडलाच रँचवर येणाऱ्यांनी फासकी लावूच नये. हे ऐकायला कडक वाटेल, पण त्यांच्यासाठी वाइल्डलाइफ सर्व्हिसेसचा ट्रॅपर आहे.

दुरूनच बघता येत असेल तर दुर्बिणीने बघा, उगाच जवळ जाऊन वास सोडू नका. पाऊस किंवा वादळ झालं की मात्र प्रत्येक फासाची उंची पुन्हा टेपने मोजा.

सापडल्यावर

कुत्रा सापडला असेल तर घाबरू नका. दोरी-पट्ट्याची सवय असलेला कुत्रा सैल होणाऱ्या फासकीत बहुधा शांत बसून राहतो. बोलत, कडेकडेने जा, जाड जाकीट त्याच्या डोक्यावर टाका, कटरने लॉकजवळ केबल तोडा आणि फास पूर्ण काढला गेलाय याची खात्री करा. मालकाला लगेच फोन. कुत्र्याऐवजी रॅकून (मांजराएवढं चावरं रानटी जनावर) सापडला असेल, तर कटरने सोडताना त्याचं तोंड सांभाळा, लांब दांड्याचा पकड-फास जवळ ठेवा.

कोयोट सापडला असेल तर त्याला दुसरीकडे नेऊन सोडायचा विचार येतो, विशेषतः घरात मुलं असतील तर. टेक्सासात ते बेकायदा आहे. १९८८ मध्ये स्टार काउंटीत कोयोटांमध्ये कुत्र्यांचा रेबीज पसरायला लागला, १९९५ पासून राज्याने विमानातून लसीचे घास टाकायला सुरुवात केली आणि रेबीजसाठी क्वारंटाइन लावून जिवंत कोयोटची ने-आण बंद केली. शिवाय दुसऱ्याच्या हद्दीत सोडलेला कोयोट तिथल्या जोडीकडून मार खातो किंवा तिथल्या शेळ्या खातो. म्हणजे फासकी लावतानाच हे ठरवलेलं हवं की सापडलेलं जनावर मारायचं आहे. ते ज्याला जमणार नाही त्याने लावू नये.

मारणं लवकर आणि एका गोळीत व्हायला हवं. पॉइंट टू-टू रायफल, जवळून, मेंदूवर नेम. काठीने मारणं, गळा आवळून मरेपर्यंत थांबणं हे क्रूर आहे आणि अनावश्यकही.

आणि इथे आपल्या लोकांसाठी एक फार महत्त्वाचं कलम आहे. एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचा चालू, वैध परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. म्हणजे कोयोटसाठी टेक्सासात परवाना लागत नसेल, पण तुमच्या हातातल्या रायफलीसाठी तो लागू शकतो. शेजाऱ्याने "घे माझी" म्हणून पुढे केली तरी नियम तोच. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच पुढे जा. परवाना नसेल तर गोळी घालणारा माणूस आधी ठरवून ठेवा आणि तो त्या सकाळी उपलब्ध असेल तेव्हाच फासक्या उघडा. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही.

मेलेल्या कोयोटला उघड्या हाताने शिवू नका. खरूज, पिसवा, गोचिड्या आणि रेबीजची शक्यता. तोंडाला फेस, दिवसाढवळ्या डुलत चालणं असं काही आधी दिसलं असेल तर डोक्याला गोळी न घालता काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवा, तपासणीला मेंदू शाबूत लागतो. एरवी स्थानिक नियमाप्रमाणे पुरा. काही जण कोयोट कुंपणावर उलटे टांगतात. त्याने बाकीचे घाबरतात असं मला तरी दिसलेलं नाही, येणारेजाणारे मात्र तुमच्याबद्दल मत बनवतात.

एक किंवा जोडी सापडली आणि करडं जायची थांबली की त्याच दिवशी काम संपलं. उरलेल्या फासक्या काढा. नकाशावरच्या बिंदूंशी क्रमांक ताडून बघा, एकही मागे राहता कामा नये. सापडलेल्या जनावराची केबल वाकडी आणि गाठाळलेली असते, ती पुन्हा वापरायची नाही, कापून भंगारात टाका. मेखा उपसायला जॅक लागतो. फास उभा धरायची ती आखूड तारही काढायला विसरू नका, पुढच्या महिन्यात गवत कापताना ती ट्रॅक्टरच्या टायरमध्ये घुसते. आणि ओढ्यापाशी जाळीखालचं ते भोक दगड आणि जाळी लावून बुजवा. पुढचा कोयोट तिथूनच येणार आहे.